मुली बोलतच होत्या

मिशिगन राज्यातलं ओकेमॉस हे आमचं गाव. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी इथून गाडीने दहा मिनिटांवर, त्यामुळे देशी कुटुंबं बरीच. आमच्या ओळखीतल्या मुली एक तर भरतनाट्यमला जातात, नाही तर जिम्नॅस्टिक्सला. माझ्या लेकीने लहानपणीच जिम्नॅस्टिक्स निवडलं आणि मी काचेमागच्या बाकावर बसणारी आई झाले.

ती आठ वर्षांची असताना तिची टाच दुखायला लागली. वाढत्या वयात सतत उड्या मारणाऱ्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं. शेजारी बसणाऱ्या एका आईने आपणहून सांगितलं, "युनिव्हर्सिटीत एक डॉक्टर आहेत. ऑलिंपिकच्या मुली त्यांच्याकडे जातात. अपॉइंटमेंट मिळणं कठीण, पण मी शब्द टाकते." तिच्या डोळ्यांत खरोखरचा जिव्हाळा होता. स्वतःच्या मुलीला ती त्याच डॉक्टरकडे नेत होती. सुदैवाने बर्फ आणि विश्रांती यांनीच टाच बरी झाली आणि आम्हाला जावं लागलं नाही.

त्या डॉक्टरचं नाव लॅरी नासर.

सप्टेंबर २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या वृत्तपत्राने रेचल डेनहॉलंडर या वकील असलेल्या तरुणीची तक्रार छापली. सन २००० मध्ये ती १५ वर्षांची असताना पाठदुखीसाठी या डॉक्टरकडे गेली होती आणि उपचाराच्या नावाखाली त्याने तिच्यावर अत्याचार केला होता. तेव्हा तिची आई त्याच खोलीत होती. आईला काही दिसू नये अशा बेताने तो उभा राहायचा. ही बातमी आली त्या आठवड्यात आमच्या जिममध्ये जे ऐकलं ते मी विसरणार नाही. "इतक्या वर्षांनी आठवलं?" "पैसे हवे असतील." "आमच्या मुलीला त्यांनी उभं केलं." नासर तेव्हा शेजारच्या होल्ट गावात शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीला उभा होता. आरोप झाल्यावर त्याने माघार जाहीर केली, पण मतपत्रिकेवर नाव राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये त्याला २,७००हून अधिक मतं पडली. ही मतं देणारे लोक आम्ही ज्या दुकानांत भाजी घेतो त्याच दुकानांत भाजी घेणारे होते.

डेनहॉलंडर पोलिसांकडे गेली तेव्हा जुने वैद्यकीय कागद आणि आपल्या डायऱ्यांची पानं फाइलमध्ये लावून गेली. आपल्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे ती धरून चालली होती. समोर अँड्रिया मनफर्ड ही विद्यापीठ पोलिसांतली तपास अधिकारी होती आणि तिने विश्वास ठेवला. झडतीच्या दिवशी नासरच्या घरासमोरच्या कचऱ्याच्या डब्यात हार्ड ड्राइव्ह सापडल्या, त्यांत लहान मुलांची हजारो अश्लील चित्रं होती. त्यानंतर जिममधली कुजबुज थांबली. एका बाईच्या शब्दाने ती थांबली नव्हती, कचऱ्याचा डबा उघडल्यावर थांबली, ही गोष्ट मला आजही बोचते.

मग जानेवारी २०१८ उजाडला. लॅन्सिंगमधल्या कोर्टात न्यायाधीश रोझमेरी अ‍ॅक्विलिना यांच्यासमोर शिक्षेची सुनावणी सुरू झाली. गुन्हा कबूल करण्याच्या करारात सरकारी वकील अँजेला पोविलायटिस यांनी एक अट घालून घेतली होती. ज्या ज्या मुलीला बोलायचं आहे, तिला कोर्टात बोलू द्यायचं, मग तिची तक्रार आरोपपत्रात असो वा नसो. चार दिवस ठरले होते, लागले सात. घरी बसून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या मुली फोन करत होत्या, आम्हालाही बोलायचं आहे म्हणून. शेवटी १५६ जणींची निवेदनं झाली.

मी घरून काम करते. त्या आठवड्यात काम बाजूला पडलं आणि लॅपटॉपवर कोर्ट चालू राहिलं. पहिली उभी राहिली काइल स्टीफन्स. ती जिम्नॅस्ट नव्हती. तिच्या आणि नासरच्या कुटुंबांची मैत्री होती, अत्याचार सुरू झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. बारा वर्षांची असताना तिने आईवडिलांना सांगितलं. नासरने नाकारलं आणि घरच्यांनी त्याचं मानलं. म्हणजे पुढची कित्येक वर्षं स्वतःच्या घरात ती खोटारडी ठरली. वडिलांना खरं उमगलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती नासरकडे रोखून बघत म्हणाली की लहान मुली कायम लहान राहत नाहीत, मोठ्या होऊन परत येतात. आवाज थरथरत नव्हता. थरथरत मी होते.

त्यानंतर एकेक जण. कुणी आईचा हात धरून, कुणी नवऱ्याला शेजारी उभं करून. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या अली रेझमन आणि जॉर्डिन विबर आल्या, तशाच कुणाला माहीत नसलेल्या शाळकरी मुलीही आल्या. तिसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी नासरचं पत्र वाचून दाखवलं. हे सगळं ऐकत बसणं आपल्या मनाला झेपत नाही, अशी सहा पानी तक्रार त्याने केली होती. ती त्यांनी धुडकावली. शेवटची बोलली डेनहॉलंडर. एका लहान मुलीची किंमत किती, हा तिचा प्रश्न होता आणि तो तिने नासरला नव्हे, सगळ्या सभागृहाला विचारला. २४ जानेवारीला त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच दिवशी विद्यापीठाच्या अध्यक्षा लू अ‍ॅना सायमन यांनी राजीनामा दिला.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी लेक शाळेतून नेहमीपेक्षा लवकर आली. मी लॅपटॉप मिटला, पण तिने दोन वाक्यं ऐकली होती. रात्री जेवताना म्हणाली, "आई, त्या मुलींनी आधी का नाही सांगितलं?"

हाच प्रश्न त्या दिवसांत प्रत्येक जण विचारत होता. टीव्हीवर, दुकानात, आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवातही. आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. मुलींनी आधी सांगितलं होतं. १९९७ मध्ये १६ वर्षांच्या लॅरिसा बॉइसने विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षकांना सांगितलं होतं, तसं तिने पुढे कोर्टात शपथेवर म्हटलं. उलट तिलाच गप्प राहायला सांगण्यात आलं, असं तिचं म्हणणं. २०१४ मध्ये अमँडा थॉमशोने विद्यापीठात रीतसर तक्रार केली. चौकशी झाली, तो निर्दोष ठरला. नाजूक तपासणीच्या वेळी दुसरी व्यक्ती हजर असावी वगैरे नियम ठरले, पण ते पाळले जातात का हे कोणी पाहिलं नाही.

आणि २००४ ची गोष्ट तर आमच्या दाराशी घडलेली. ओकेमॉस ज्या मेरिडियन टाउनशिपमध्ये येतं, तिथल्याच पोलिसांकडे १७ वर्षांची ब्रिआन रँडल गेली होती. घटनेनंतर लगेच गेली, रुग्णालयात तपासणीही करून घेतली. त्या वयाच्या मुलीने याहून जास्त काय करायचं असतं? पोलिसांनी डॉक्टरला बोलावलं. त्याने हा वैद्यकीय उपचारच आहे असं पटवायला पॉवरपॉइंटवर केलेलं सादरीकरण दिलं. पोलिसांना ते पटलं आणि प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत न जाताच बंद झालं. तिथून पुढे १२ वर्षं तो मोकळा होता. माझी लेक त्या १२ वर्षांत जन्मली आणि टाच दुखायच्या वयाची झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाउनशिपने ब्रिआनची जाहीर माफी मागितली. आम्ही कर भरतो ती टाउनशिप.

लेकीला मी हे सगळं तपशिलात सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं गं. मोठ्या माणसांनी ऐकलं नाही." ती बराच वेळ ताटातल्या भातात बोट फिरवत बसली.

जिम्नॅस्टिक्समध्ये हे इतकं खपलं कसं, यावर मी खूप विचार केला आहे. उत्तर नासरच्या खोलीत सुरू होत नाही, ते काचेमागच्या बाकावरून दिसतं. एक दृश्य सांगते. आमच्याच जिममध्ये नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पाय पुढेमागे पसरून बसली आहे, पुढची टाच फोमच्या ठोकळ्यावर चढवलेली, म्हणजे पाय सरळ रेषेच्याही पलीकडे ताणला जावा. प्रशिक्षिका तिच्या खांद्यांवर दोन्ही हातांनी दाबते आहे. मुलगी ओठ दाबून रडते आहे, खडूच्या पांढऱ्या भुकटीने माखलेल्या हातांनी डोळे पुसल्यामुळे गालांवर चिखल झाला आहे. तिचे वडील काचेमागे माझ्या शेजारी बसून फोनमध्ये बघत आहेत. दाब सुटल्यावर ती मुलगी प्रशिक्षिकेला "थँक यू" म्हणते, कारण तसा नियम आहे.

दुखतंय म्हटलं की आळशी, भूक लागली म्हटलं की जाडी, असं ऐकत जी मुलगी वाढते, तिला आपल्या शरीराने दिलेली सूचना खोटी वाटायला लागते. मग एखादा डॉक्टर म्हणतो हा उपचार आहे, तेव्हा ती नाही कशी म्हणणार? टेक्सासमधल्या राष्ट्रीय शिबिरात, जिथे आईवडिलांना प्रवेश नव्हता आणि पोटभर खाण्याची चोरी होती, तिथे नासर मुलींना गुपचूप खाऊ द्यायचा. कडक प्रशिक्षकांमध्ये तो एकटा प्रेमळ माणूस वाटायचा. त्याला जागा करून दिली ती त्या कडकपणाने. हे फक्त अमेरिकेचं नाही. ब्रिटनमध्ये २०२० साली जिम्नॅस्ट मुलींनी आवाज उठवल्यावर अ‍ॅन व्हाइट यांची चौकशी नेमली गेली. २०२२ च्या त्यांच्या अहवालासाठी ४०० हून अधिक निवेदनं आली आणि त्यांतल्या ४० टक्क्यांहून अधिक निवेदनांत प्रशिक्षकांच्या शारीरिक छळाचं वर्णन होतं.

निकालानंतर आम्ही काही आयांनी आमच्या जिमच्या मालकांना भेटायला वेळ मागितला. मागण्या साध्या होत्या. प्रशिक्षकाने मुलीला परस्पर मेसेज करायचा नाही, आई किंवा वडील त्यात असले पाहिजेत. मालिश, पट्टी बांधणं, सगळं उघड्या हॉलमध्ये. वजन चारचौघांत बोलायचं नाही. दुखतंय म्हणाली की थांबायचं. उत्तर आलं, "इतका अविश्वास असेल तर दुसरी जिम बघा." एका वडिलांनी आम्हालाच सुनावलं की मुलींना असं हळवं केलं तर पदक कुठून येणार. दोन कुटुंबं बाहेर पडली, आम्ही राहिलो आणि दर महिन्याला तोच कागद पुन्हा दिला. फेब्रुवारी २०१८ मध्येच अमेरिकेत सेफ स्पोर्टचा कायदा झाला. खेळातल्या प्रौढांवर अत्याचाराची तक्रार तातडीने कळवण्याचं बंधन आलं, आणि एकट्या मुलासोबत प्रौढाने बंद दाराआड राहू नये असे नियम संस्थांना करावे लागले. पुढे आमच्या जिमच्या दारावरही ते नियम लागले. आमच्या विनंतीने जे झालं नाही ते कायद्याने झालं, आणि याचं मला वाईट वाटत नाही. मुलींची सुरक्षितता कुणाच्या चांगुलपणावर सोडायची गोष्टच नाही.

उत्तरदायित्व मात्र अजून अर्धवट आहे. विद्यापीठाने ५० कोटी डॉलर्स दिले, जिम्नॅस्टिक्स संघटना आणि ऑलिंपिक समितीच्या तडजोडीत ३८ कोटी ठरले, सरकारने एफबीआयच्या हलगर्जीपणापोटी सुमारे १४ कोटी दिले. पण एफबीआयच्या इंडियानापोलिस कार्यालयाला नासरबद्दल जुलै २०१५ मध्येच कळवलं गेलं होतं. तिथून नासरचं नाव छापून येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला आणि दिवाणी दाव्यांतल्या कागदपत्रांनुसार त्या काळात सुमारे ७० किंवा अधिक मुलींवर अत्याचार झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, मॅकेला मरोनी, मॅगी निकोल्स आणि अली रेझमन सिनेटसमोर बसून हेच सांगत होत्या. एफबीआयच्या त्या अधिकाऱ्यांपैकी एकावरही खटला भरला गेला नाही. पैसे मिळाले, मिळायलाच हवे होते. पण ज्यांनी ऐकून फाइल मिटली, त्यांनी उत्तर दिलेलं नाही.

माझी भाची पुण्यात जिम्नॅस्टिक्स शिकते. वहिनीला मी हे सगळं फोनवर सांगत असते. २०२३ मध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट आणि साक्षी मलिक लैंगिक छळाविरुद्ध दिल्लीत जंतर मंतरवर बसल्या तेव्हा तिचाच फोन आला, "ताई, इथेही लोक तेच विचारतायत, इतके दिवस गप्प का होत्या?" मी तिला म्हटलं, तू भाचीच्या क्लासमध्ये जाऊन विचार, तक्रार कुणाकडे करायची, त्याचं नाव आणि नंबर भिंतीवर आहे का. तिने विचारलं. नव्हता. आता आहे.

हे वाचणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना माझं तेवढंच सांगणं आहे, या आठवड्यात जाऊन विचारा. सराव बघायला बसू देत नसतील तर का, ते विचारा. आणि विचारताना कायदा सोबत ठेवा. भारतात पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे.