ना इकडची, ना तिकडची

गेल्या शनिवारी फलटणला घरी गेलो, तर बाबा चष्मा लावून गाडीची दोन कोटेशन्स घेऊन बसलेले. एक साध्या पेट्रोलचं, एक हायब्रिडचं. रिटायरमेंटच्या पैशांतली पहिली आणि बहुतेक शेवटची नवी गाडी. हायब्रिडचं खूळ अर्थातच मी डोक्यात भरवलेलं.

"हे दोन लाख चार हजार कसले रे?"

"रोड टॅक्स. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, एकदाच. आपली १७ लाखांची."

"पण ही बॅटरीवर चालते म्हणालास ना?"

झाली पंचाईत! मोटर आहे, बॅटरी आहे, दिवेघाट उतरताना ती भरतेसुद्धा. पण प्लग नाही, म्हणजे मूळ खाणं पेट्रोलच. म्हणून महाराष्ट्रात ती पेट्रोलच्याच रकान्यात. इलेक्ट्रिकला टॅक्स माफ, पण आमची गाडी राहणार गल्लीत, चार्जिंगची वायर सोडणार कुठून?

गंमत म्हणजे अशा अधल्यामधल्या गाड्या फलटणला नव्या नाहीत. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालाच्या आसपासच बॅटरीवरची रिक्षा बनवली होती. पायडल मारताना मोटर हात देईल अशीही एक. म्हणजे हायब्रिडच की! ई-रिक्षाला मोटार वाहन कायद्यात जागा मिळाली ती २०१५ साली. यंत्र आधी येतं, फॉर्ममधला रकाना मागून.

असो. एक्सेल उघडलं. साधी गाडी साडेतेरा लाखांची, टॅक्स १ लाख ६२ हजार. म्हणजे कमी पेट्रोल पिणारीला ४२ हजार जास्त टॅक्स! टॅक्स किमतीवर लागतो, धुरावर नाही. बाबांचं फिरणं वर्षाला फार तर ८ हजार किलोमीटर, पेट्रोल वाचणार साधारण २० हजारांचं. म्हणजे दोन वर्षांची बचत नुसत्या त्या ४२ हजारांत गेली. सगळा फरक धरला तर ३ लाख ९२ हजार. वसूल व्हायला साडेएकोणीस वर्षं.

"तोवर मी ऐंशीचा होईन," बाबा म्हणाले.

उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा हा टॅक्स माफ केला होता. तसं इथे असतं तर फरक १ लाख ८८ हजारांवर आला असता. साडेनऊ वर्षं. सत्तरीपर्यंत बाबांनी नक्की वाट पाहिली असती.

मंगळवारी त्यांचा फोन आला. साधी पेट्रोल बुक केली. पर्यावरणावर एक भाषण माझ्या तोंडाशी आलं होतं, पण गप्प बसलो. हिशोब मीच करून दिला होता ना.