पाटावरून उठताना

छाती दुसऱ्यांदा उघडलेली, दोन झडपा बदललेल्या, त्यात सात दिवस व्हेंटिलेटर. वाईकडच्या या मावशींना खाटेच्या कडेला बसवायलाच आम्ही दोघी लागलो. आमच्या फिजिओथेरपी विभागात बायपासनंतरच्या व्यायामाचा छापील तक्ता होता. मी तोच त्यांना लावला.

व्यायामाच्या चौथ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालवलं. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ठोके ८४, म्हणून मी "अजून थोडं" म्हणत राहिले. एकदम मावशींचे ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम डवरला. मागे खुर्ची होती म्हणून पडल्या नाहीत. बीटा ब्लॉकरची गोळी चालू असली की श्रम झाले तरी ठोके फारसे वाढत नाहीत, आणि त्यांची तर लयही अनियमित. हे मला शिकवलेलं होतं. तरी मी आकड्याकडे बघत होते आणि मावशी शेजारी धापा टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी तक्ता बाजूला ठेवून विचारलं, "मावशी, घरी दिवसभर काय काय करता?"

"काय न्हाई ताई, समदं खालीच. चूल खाली, परात खाली, जेवायलाबी खालीच."

आमच्या तक्त्यात जमीन नव्हतीच. होत्या त्या खुर्च्या आणि जिने.

श्रम किती जाणवतात ते मोजायला बोर्गची ६ ते २० ची पट्टी असते. 'अकरा का तेरा' हे त्यांना सांगता येईना. पण जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. मग ठरवलं: ओवी सलग म्हणता आली तर चाल वाढवायची, साधं बोलणं तुटायला लागलं की बसायचं.

तारांनी बांधलेलं छातीचं हाड सांधायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्यामुळे कळशी बंद, पीठ मळणं सुनेकडे. भाकरी थापायची, पण कोपरं अंगालगत ठेवून. उठण्याचा सराव आधी उंच खुर्चीवरून, मग स्टुलावरून, मग एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवरून. हातांनी रेटा द्यायचा नाही. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब उसळतो, म्हणून उठताना नातवाला मोठ्यानं हाक मारायची, म्हणजे श्वास आपोआप सुटतो.

तेराव्या आठवड्यात एकच पाट उरला. मावशींनी हात छातीशी धरले, पुढं झुकल्या आणि नातवाच्या नावानं हाक देत उभ्या राहिल्या.

बाहेर बाकावर बसलेला तो पोरगा धावत आत आला. "काय गं आजी?"