परत केलेले मोबाईल

ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायला सुरुवात केली. आरोग्यातल्या डिजिटल साधनांचे मूल्यमापन हे माझे काम. त्या वेळी माझे मत ठाम होते: प्रश्न प्रशिक्षणाचा आहे, हात बसला की विरोध मावळेल. आज माझे मत अगदी उलट आहे. त्या मोबाईलवर पोषणाच्या नोंदी भरण्यासाठी आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपचे त्या वर्षातले सर्वांत नेमके मूल्यमापन या सेविकांनीच केले, असे मी आता मानते.

त्या काय सांगत होत्या ते पाहा. फोन 2019 च्या सुमारास मिळालेले, 2 जीबी रॅमचे. मार्च 2021 मध्ये आलेले नवे अ‍ॅप त्यांवर धड चालत नव्हते. फोन तापत, अडकत. वॉरंटी संपलेली आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेच्या माथी. अ‍ॅप इंग्रजीत. मुलांचे वजन-उंची, गरोदर मातांची माहिती, घरपोच आहार, सगळे त्यातच भरायचे, आणि हे काम करणारी बाई पगारावर नव्हे, मानधनावर. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. यंत्राची क्षमता, भाषा, देखभाल, कामाचा बोजा: मूल्यमापनाचा आराखडा मी करायला बसले असते तर हेच मुद्दे लिहिले असते. फरक एवढाच की माझा अहवाल वर्षभराने आला असता, आणि त्यात ‘वापरात काही अडथळे आढळले’ असे एक मवाळ वाक्य असते.

मला हे आधी का दिसले नाही, याचे उत्तर आमच्या पद्धतीत आहे. आम्ही औषधांच्या मूल्यमापनावर वाढलेली माणसे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने 2017 मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. खर्च किती, त्यातून आयुष्याची किती निरोगी वर्षे मिळतात, हे विचारणारे कोणीतरी हवेच होते. पण औषधाची गोळी कोणाकडून काम करून घेत नाही. अ‍ॅप घेते. गणितात फोनची किंमत येते, सर्व्हरची येते, प्रशिक्षणाची येते. सेविकेचे मानधन ठरलेले, म्हणून तिच्या वाढीव तासांची किंमत सहज शून्य धरली जाते. ही शून्ये आता मला खुपतात.

चाचण्यांवरचा माझा विश्वास मात्र कायम आहे. गरोदर मातांना दर आठवड्याला फोनवर आरोग्यसंदेश ऐकवणाऱ्या ‘किलकारी’ची मध्य प्रदेशात सुमारे 5,000 स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी झाली. 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार निव्वळ स्तनपानात लक्षणीय फरक पडला नाही. आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर मात्र थोडा वाढला. हे कळणे फार मोलाचे आहे. पण अशा चाचणीत फोन हाताशी असलेल्या बाईपासूनच मोजणी सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. उरलेल्या बायका निष्कर्षात नसतात, आणि नाइलाजाने फोन परत करणारी सेविकाही नसते.

डिजिटल नोंदीच नकोत, असे मी म्हणत नाही. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे कमी वजनाचे मूल कारखान्याच्या गावच्या अंगणवाडीला सापडायचे असेल, तर त्याची नोंद त्याच्यामागोमाग तिथे पोचायला हवी. कागदी नोंदवही हे करू शकत नाही. पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरितांसाठी तशी सोय आहे, तो आता मराठीतही आहे, आणि या सुधारणा मला महत्त्वाच्या वाटतात.

पण 2025 मध्ये घरपोच आहार देताना चेहरा ओळखण्याची अट आली. रेंज नसलेल्या पाड्यावर, फोटो जुळेना म्हणून ताटकळणारी आई आणि तिच्यासमोर फोन धरून उभी असलेली सेविका, या दोघींचा वेळ कोण मोजणार आहे? मूल्यमापन समित्यांवर बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्याही अ‍ॅपला मान्यता देण्याआधी ते भरायला सेविकेची रोजची किती मिनिटे जातात ते मोजा आणि त्या मिनिटांचे पैसे खर्चाच्या रकान्यात लिहा. तिने नकार दिला, तर तोही निष्कर्ष म्हणून नोंदवा.