सोफियातला नंदीबैल

लहानपणी आमच्या वाड्यात गुबुगुबु वाजवीत नंदीबैल येई. "पाऊस पडेल का रे?" असं विचारलं की तो मान खाली-वर करी आणि आम्ही पोरं हरखून जात असू. तोच बैल बल्गेरियात नेला, तर दर साली दुष्काळच सांगेल! कारण त्या देशात मान खाली-वर करणं म्हणजे 'नाही' आणि आडवी हलवणं म्हणजे 'होय'.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. २०१८ च्या मे महिन्यात सोफियाला निघण्यापूर्वी मी पुस्तकात वाचून आरशासमोर चार दिवस तालीम केली होती. घरच्या मंडळींना वाटलं, मान अवघडली असावी.

सोफिया शहर मोठं प्रसन्न. पाठीशी वितोशा डोंगर उभा. त्याचं शिखर २२९० मीटर उंच. ऐन भरवस्तीत, जुन्या स्नानगृहाच्या शेजारी, जमिनीतल्या गरम पाण्याचे नळ आहेत. लोक बाटल्या भरभरून पाणी घरी नेतात. पण आमचं लक्ष सगळं लोकांच्या मानांकडे. कारण खरी पंचाईत निराळीच होती. परदेशी पाहुण्याची मान उलटी चालते, हे तिथल्या दुकानदारांना माहीत असतं. म्हणून ते आपल्या सोयीसाठी स्वतःची मान उलटी करतात; आणि आपण त्यांच्या सोयीसाठी आपली उलटी केलेली असते! बानित्सा नावाच्या खुसखुशीत पापुद्र्यांच्या पदार्थात मांस आहे की नाही, एवढं ठरवायला मला नि दुकानदाराला पाच मिनिटं लागली. मागं रांग लागली, ती वेगळीच.

याचं कारण लोक असं सांगतात, की तुर्की अमलात गळ्याला तलवार लावून धर्म सोडायला सांगत; तेव्हापासून ही मान उलटी झाली. मला ही कथा पटत नाही. ग्रीसमध्ये, खुद्द तुर्कस्तानात आणि दक्षिण इटलीतही मान मागं झटकली की 'नाही'च. जोडीला जिभेनं 'च्यक्' केलं की नकार पक्का. हे मात्र थेट आपल्या आळीतल्या पोरासारखं!

शब्दांची अडचण त्या मानानं कमी. दोनला 'द्वे', तीनला 'त्री', विस्तवाला 'ओगन'. संस्कृतची कुणी लांबची मावसबहीण भेटावी तसं वाटतं. मी एका वृद्ध बाईंच्या घरी उतरलो होतो. सगळे त्यांना 'बाबा' म्हणत, कारण तिकडे बाबा म्हणजे आजी. "आज बाबांनी मला धिरडी करून घातली," असं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. आमच्या बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आणि हयातीत त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता.

एका रात्री जेवताना मी आजींना आईचा फोटो दाखवला. "माइका?" त्यांनी विचारलं. माय! मग हळूच, "झिवा?" जीव! जिवंत आहे का, हेच ना? अर्थ लख्ख कळला. तोंडात घास होता, म्हणून मी आनंदानं मान हलवली. खाली-वर. चांगली तीनदा. चार दिवसांची तालीम त्या क्षणी कुठं गेली, कोण जाणे!

आजींनी क्रूसाची खूण केली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, यांना स्वतःची आई आठवली.

रविवारी त्यांनी मला चर्चमध्ये नेलं. माझ्या हाती एक मेणबत्ती दिली आणि खालच्या वाळूच्या तबकात लावायला खुणावलं. मी लावली. त्या डोळे पुसू लागल्या, म्हणून मीही त्यांच्या दुःखाचा मान राखून खाली बघत उभा राहिलो. संध्याकाळी त्यांची नात आली. तिला इंग्रजी येत होतं. म्हणाली, "आजी म्हणते, आई गेली तरी किती धीरानं वागता तुम्ही!" मग तिनंच समजावलं: जिवंत माणसांसाठीच्या मेणबत्त्या वर लावायच्या, गेलेल्यांसाठीच्या खाली वाळूत.

माझ्या हातापायांतलं बळच गेलं. मी काही शकुन-अपशकुन मानणारा नाही. पण पुण्यात मध्यरात्र झाली असताना मी आईला फोन लावलाच. दोनदा नुसतीच घंटी वाजली. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. तिसऱ्यांदा आवाज आला, "अरे, काय झालं इतक्या रात्री?"

सगळं ऐकून ती आधी हसली. म्हणाली, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं रे! पण त्या बाईंना उगीच रडवलंस. त्यांची माफी माग."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पुन्हा चर्चमध्ये गेलो. आजींनी नवी मेणबत्ती वरच्या घरात लावली, आणि माझ्याकडे रोखून पाहत विचारलं, "झिवा?"

मी दोन्ही हातांनी स्वतःची मान घट्ट धरली आणि मोठ्यानं म्हणालो, "दा!"

बाबा भर देवळात खुदकन हसल्या.