तोंडावरचे कापड आणि शाळेचे दार

कोरोनाचा विषय आता कोणाला नको असतो. घरोघरची माणसे गेली, रोजगार गेले, त्यामुळे गोष्ट निघाली की लोक दुसरीकडे पाहू लागतात. तरीही २०२२ च्या जून महिन्यात आमच्या वस्तीतल्या शाळेत मास्कवरून जो वाद झाला, तो लिहून ठेवावा असे आम्हांला वाटते. पुढे कधी असा आजार आला तर हाच वाद पुन्हा होणार आणि त्या वेळी सभेत कोण बोलले, कोण गप्प राहिले, हे कोणाच्या ध्यानात असणार नाही.

शाळा मुंबईच्या पूर्व उपनगरातली, एका संस्थेची, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुले कोणाची म्हणाल तर बिगारी, रिक्षावाले, वॉचमन, सफाई कामगार आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींची. आम्ही एका कचेरीत कारकून. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती आणि शिक्षक-पालक संघावर आम्ही सभासद होतो. बी. कॉम. झालेला माणूस मिळाला की इतिवृत्त लिहायचे काम त्याच्याच गळ्यात पडते. तसे ते आमच्याकडे होते, म्हणून तपशील हाताशी आहे.

गुढीपाडव्याच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला, राज्य सरकारने कोरोनाचे निर्बंध उठवले. मास्क ऐच्छिक झाला. मुंबईत विनामास्क सापडलेल्या माणसाला दोनशे रुपये दंड होत असे, तोही थांबला. पण आमच्या शाळेच्या फाटकावर ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ असा जो फलक रंगवलेला होता, तो तसाच राहिला. परीक्षा संपत आलेल्या, पुढे मे महिन्याची सुट्टी. कोणी त्याकडे लक्ष दिले नाही.

जूनच्या सुरुवातीला रुग्ण पुन्हा वाढू लागले. तेव्हा आरोग्य खात्याचे अपर मुख्य सचिव डॉ. प्रदीप व्यास यांनी जिल्ह्यांना पत्र पाठवले. रेल्वे, बस, सिनेमागृहे, कार्यालये, रुग्णालये, कॉलेजे, शाळा अशा बंदिस्त ठिकाणी मास्क लावावा, असा त्याचा आशय होता. पत्र इंग्रजीत होते आणि त्यात शब्द होता ‘मस्ट’. त्यावर गदारोळ झाला आणि तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी खुलासा केला की, मस्ट म्हणजे सक्ती नव्हे, हे आवाहन आहे. आमची वीस वर्षे परिपत्रके वाचण्यात गेली. ‘करावे’ आणि ‘करण्यात यावे’ यातला फरक आम्ही झोपेतही सांगू. पण ‘मस्ट’चा अर्थ सक्ती होत नाही, हे आम्हीही पहिल्यांदाच ऐकले. असो.

मुख्याध्यापिका बाईंनी पत्रातला शब्द धरला, मंत्र्यांचा खुलासा धरला नाही. आम्ही त्यांना बोल लावत नाही. मुंबईत जूनच्या मध्याला रोज दोन हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते. उद्या एका वर्गातली दहा मुले तापाने पडली असती तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता.

१५ जूनला शाळा भरली आणि पाऊसही लागला. त्याच आठवड्यात तिसरीतल्या एका मुलीला फाटकावरून परत पाठवले. तिच्याजवळ मास्क होता, कापडी, पण तो ओला होता म्हणून तिने दप्तरात ठेवलेला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांचे कपडे वाळत असतात. तिथे पावसाळ्यात रात्री धुतलेले फडके सकाळी कोरडे मिळत नाही. ओले कापड नाकावर बांधले की श्वास ओढावा लागतो, हे ज्याने बांधले त्याला ठाऊक. आई सहा वाजताच कामाला गेलेली, घराला कुलूप. ती पोर दुपारपर्यंत शेजारणीच्या उंबऱ्याशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच झाले.

दोन दिवस गेले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. हिशेब मांडून पाहू. ही मुलगी पहिलीत दाखल झाली ती २०२० साली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ ला. जानेवारीत तिसरी लाट आली, पुन्हा कुलूप. २४ जानेवारीला परत सुरुवात. म्हणजे पहिली तिने पाहिलीच नाही आणि दुसरीचे जेमतेम काही महिने तिच्या वाट्याला आले. ऑनलाइन शाळेचे विचाराल तर घरात मोबाईल एकच आणि तो बापाबरोबर कामावर. अशा पोरीचे दोन दिवस आम्हांला फार महाग वाटतात. शिवाय मूल शाळेच्या दाराबाहेर बसले आहे, हे चित्र आमच्या घरांतल्या जुन्या माणसांना वेगळेच काही आठवून देते. ते इथे उगाळत नाही, वाचक जाणतात.

आता पैशाचे बघू, कारण वादात ते कोणीच काढले नव्हते. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा तीन पदरी मास्क चार रुपयांना आणि एन-९५ एकोणीस ते एकोणपन्नास रुपयांपर्यंत ठरला. तीन पदरी मास्क एक दिवस वापरून टाकायचा असतो. दोन मुले, महिन्याचे पंचवीस दिवस, चार रुपयांप्रमाणे झाले दोनशे रुपये. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात दोनशे रुपये मास्कला निघत नाहीत. म्हणून तेच मास्क धुवून पुन्हा वापरले जात, नाहीतर जुन्या ओढणीचे कापड शिवले जाई.

बांगलादेशात २०२० अखेर ते २०२१ या काळात सहाशे खेड्यांतल्या तीन लाखांहून अधिक प्रौढांवर मास्कचा मोठा अभ्यास झाला. जिथे सर्जिकल मास्क वाटले त्या गावांत लक्षणे असलेली लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळली. कापडी मास्कचा फायदा तितक्या स्पष्टपणे दिसला नाही. हा अभ्यास प्रौढांचा होता, शाळकरी मुलांचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पण त्यातून आमच्या शाळेपुरते एवढे समजते की, फाटकावरचा वॉचमन जे तपासत होता ते तोंडावर कापड आहे की नाही एवढेच. त्या कापडाने काय अडते, याची चौकशी नव्हती.

शाळेने पहिली सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवली. सात पालक आले, सातही नोकरीत सवलत मिळणारे. त्यांत आम्ही एक, अर्धी रजा टाकून. आम्ही लेखी दिले की ज्यांच्या मुलांविषयी ठरवायचे ते अकरा वाजता दुसऱ्यांच्या मोऱ्यांत उभे असतात, सभा रविवारी सायंकाळी घ्यावी. बाईंनी ते मान्य केले, हे त्यांच्या मोठेपणाचे. रविवारी हॉल भरला, बाया तर जिन्यापर्यंत बसल्या होत्या.

पहिले बोलले एक रिक्षावाले भाऊ. त्यांचे म्हणणे सरळ होते. बाजारात मास्क नाही, लोकलला नाही, पुढाऱ्यांच्या सभांना नाही, मग आमच्या पोरांच्याच तोंडाला का? टाळ्या पडल्या. त्यावर एक निवृत्त कामगार उठले, नातवंडांसाठी आलेले. दुसऱ्या लाटेत त्यांचा तरणा मुलगा गेला होता. ते म्हणाले, “तुमची टाळी वाजते बाबांनो, पण आमच्या घरात परत तसं झालं तर तुम्ही येणार का?” हॉल एकदम शांत झाला. आम्ही पुष्कळ सभा पाहिल्या, पण अशी शांतता थोड्याच वेळा.

दुसरीच्या वर्गशिक्षिका बोलल्या ते फार कामाचे होते. त्या म्हणाल्या, “मास्क लावून मी ‘ळ’ म्हणते, मुलं ‘ल’ ऐकतात. जीभ कुठं लागते हे पोरांना दिसायला नको का? वर्गात एकाला कमी ऐकू येतं. तो दोन वर्षं माझ्या डोळ्यांकडेच बघतोय.” शिक्षकांना काय अडचण येते हे आम्ही पालक कधी विचारतच नाही. त्या बाईंनी हात जोडून सांगितले की शिकवताना तरी तोंड उघडे ठेवू द्या, हवे तर मी खिडकीपाशी उभी राहून शिकवते.

एका तरुण पालकाने मोबाईलवरून सरकारी सूचना वाचून दाखवल्या. केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको. सहा ते अकरा वयाच्या मुलाला तो नीट हाताळता येत असेल तर पालकांच्या देखरेखीत चालेल. बारा वर्षांपासून पुढे मोठ्यांप्रमाणे. आमच्या फाटकावर मात्र पहिलीपासून दहावीपर्यंत एकच नियम. उलट बाजूने कोणी म्हणाले की, बारा ते चौदाच्या मुलांना १६ मार्चपासून लस सुरू झाली, पण त्याहून लहानांना तर लसच नाही. तेही खरे होते.

एव्हाना पारडे सक्ती उठवण्याकडे झुकले होते. मागे एक बाई उठल्या, “मास्क राहू द्या,” एवढेच म्हणाल्या आणि बसल्या. कोणी विचारले, का म्हणून? त्या बोलल्या नाहीत. आमची पत्नी त्यांच्या शेजारीच बसली होती. थोड्या वेळाने ती उभी राहिली. एरवी ती सभेत बोलत नाही. ती म्हणाली, “एखाद्या घरात माणूस जुन्या छातीच्या दुखण्यानं पडलेला असतो. त्या घरच्या पोराला मास्क लावूनच यावं लागतं. आज सगळे लावतात म्हणून तो त्यांच्यासारखाच दिसतो. उद्या तो एकटाच लावून आला तर पोरं काय म्हणतील? ह्याच्या घरात रोग आहे म्हणतील. मग ती आई पोराला शाळेत पाठवील का?”

दुखण्याचे नाव आम्ही लिहीत नाही. वस्तीत राहणाऱ्याला ते सांगावे लागत नाही आणि ते कसे लपवावे लागते हेही सांगावे लागत नाही. लग्ने मोडतात, भाड्याची खोली सोडावी लागते. गणवेशामुळे गरीब-श्रीमंत झाकले जाते असे आपण म्हणतो. मास्कने दोन वर्षे आजारी घरे झाकली होती, हे आमच्याही ध्यानात त्या क्षणी आले. ‘ऐच्छिक’ हा शब्द कानाला किती गोड लागतो! पण ज्याला इच्छा नसून गरज आहे, त्याला तो शब्द शंभर पोरांच्या समोर उघडा करतो.

आमचे मत तेव्हाही स्पष्ट होते, आजही तेच आहे. नियम पाळण्याची ऐपत ज्याच्याजवळ नाही, त्याला शाळेबाहेर ठेवणारा नियम शाळेने करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. मुसळधार पावसात मूल फाटकावरून परत पाठवणे हा त्रास नाही, असे कोणी आम्हांला पटवून द्यावे. सक्ती उठलीच पाहिजे होती. पण सक्ती उठवून हात झटकले असते तर त्या गप्प बसलेल्या बाईंच्या मुलाला आम्हीच शाळेबाहेर घालवले असते. दोन मुलांचे म्हणणे एकमेकांविरुद्ध नव्हते, पण सभा तशीच विभागली गेली होती.

ठरावाच्या शब्दांवर पाऊण तास गेला. संस्थेच्या प्रतिनिधींना ‘मास्क ऐच्छिक राहील’ एवढेच हवे होते. आम्ही लेखणी सोडली नाही. शेवटी जे लिहिले ते असे : मास्क नाही या कारणावरून कोणत्याही विद्यार्थ्यास फाटकावर अडवू नये. जो विद्यार्थी मास्क लावील त्यास शिक्षक, कर्मचारी वा विद्यार्थी यांपैकी कोणीही कारण विचारू नये. फाटकापाशी मास्कचा एक डबा ठेवावा, नोंदवही ठेवू नये. पहिले काही आठवडे प्रत्येक वर्गातल्या निम्म्या तासांना शिक्षकांनी स्वतः मास्क लावावा, म्हणजे लावणारा मुलगा एकटा दिसणार नाही. भाषेच्या तासाला मात्र तोंड मोकळे. आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या असाव्यात.

नोंदवही ठेवू नये, हे वाक्य कारकुनाने लिहावे याची गंमत आमच्या कचेरीतल्या मित्रांना फार वाटली.

निवृत्त कामगार बाबांनी ठरावाला हात वर केला नाही. विरोधही केला नाही. जाताना मात्र शंभराची नोट डब्यासाठी देऊन गेले.

तिसरीतली ती मुलगी सोमवारी वर्गात बसली. ज्या मुलाविषयी आमची पत्नी बोलली, तो गणपतीच्या सुट्टीपर्यंत मास्क लावून येत होता असे आमची मुलगी सांगे. त्याच्याबरोबर आणखी पाचसात मुले लावत, कोणाची का ते कोणास ठाऊक नव्हते. ‘ळ’च्या बाई खिडकीपाशी उभ्या राहून शिकवू लागल्या. पण त्यांच्या वर्गाच्या चारपैकी दोन खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या होत्या, कबुतरे येतात म्हणून. त्या उघडून जाळी बसवायला संस्थेला तीन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. ऑगस्टमधल्या एका रविवारी सुतारकाम करणारे एक पालक पक्कड घेऊन आले आणि आम्ही शिडी धरली. जाळीचा खर्च वर्गणीतून झाला, त्याची पावती इतिवृत्ताच्या फाइलला लावलेली आहे.