तेलाचे डाग

क्षयाच्या सॅनिटोरियमना जागा नेहमी अशाच मिळाल्या. डोंगराचा कडा, सिल्व्हर ओकची दाटी, खाली खोऱ्यात चमचमणारं कृष्णेचं पाणी, आणि अंगाला झोंबणारी पण छातीत शिरली की आतवर निववत जाणारी हवा. तेव्हा हवा हेच औषध होतं. डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये पाचगणीला बेल-एअर सुरू केलं, तेव्हा क्षयाचा जंतू सापडून तीस वर्षं झाली होती आणि त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून तीसेक वर्षं होती. एवढा काळ माणसं व्हरांड्यात रग पांघरून पडून राहिली.

वाट पाहत.

बेल-एअर अजून चालू आहे. मी गेले ते याच डोंगररांगेतलं दुसरं, लहानसं, पाटीवरचं नावही पुसलेलं. पडक्या वास्तूंत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांचा मला जरा धाकच वाटतो, मी त्यांतलीच असले तरी. पडझड फोटोत फार लवकर सुंदर होते. ओल आलेली भिंत, गंजकी खाट, फुटक्या तावदानातून आलेली तिरीप. बटण दाबलं की दुःख तयार, चौकटीसकट.

म्हणून मी कॅमेरा छातीवर ठेवला आणि सरळ फरशीवर आडवी झाले. फिनलंडमध्ये आल्वार आल्तोनं पायमिओचं क्षयरुग्णालय बांधलं, तेव्हा खोलीचा विचार उताण्या पडलेल्या माणसाच्या नजरेनं केला होता. छताला डोळ्यांना शांतवणारा रंग, थेट नजरेवर न येणारा दिवा, आणि पाणी पडताना शेजारच्याची झोप मोडू नये असा बेसिनचा उतार. इथे आल्तो कुठला यायला! इथे धुरकटलेले वासे, वाशांवर कौलं, आणि त्या कौलांत मधेच एक काचेचं कौल. त्यातून उतरलेला कवडसा फरशीवरून इतका सावकाश सरकत होता, की नजर दुसरीकडे फिरवून परत आणल्यावरच कळावं, अरे, हा मघाशी त्या खाटेच्या पायाशी होता. ज्यांना उठायची मनाई होती, त्यांच्या किती दुपारी यानं मोजल्या असतील!

आडवं पडल्यामुळेच भिंत दिसली. व्हरांड्याच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, ओळीनं तांबूस-काळे गोल. आधी वाटलं, ओल असेल. पण ओल अशी अंतरं राखून येत नाही. ते खोबरेल होतं. तास तास डोकं टेकून बसलेल्यांच्या केसांचं. वरून चुन्याचे किती हात मारले असतील कोण जाणे, तेल प्रत्येक चुन्यातून पुन्हा वर आलं होतं. एक गोल बराच खाली होता. लहान मूल असावं.

कॅमेऱ्याला त्या डागांवर फोकस काही धरता येईना. तो पुन्हा पुन्हा मागच्या खिडकीकडे पळे.

या जागा ओस पडल्या त्या चांगल्या कारणानं. मद्रासमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५९ मध्ये आले आणि दिसलं, की औषधं नेमानं मिळाली तर चाळीतल्या कोंदट खोलीतला रोगीही सॅनिटोरियममधल्याइतकाच बरा होतो. मग डोंगर कशाला, ही हवा कशाला? इतका सुखाचा शेवट फार थोड्या इमारतींच्या वाट्याला येतो. तरी त्या बुटक्या गोलापाशी हे सगळं ठाऊक असून काही उपयोग होईना. औषध आलं. कुणाच्या आधी आलं आणि कुणाच्या नंतर, हे भिंत सांगत नाही; तेल दोघांचंही सारखंच.

बाहेर राखणदार बिडी ओढत बसला होता. पडद्यावरचे फोटो त्यानं डोळे बारीक करून पाहिले.

"ह्यात काय हाय, ताई? नुसती भिंत."

मी गोलावर बोट ठेवलं.

"ह्यो? ह्यो तर डोस्क्याच्या तेलाचा. आमच्या पडवीत बी हाय, आजा बसायचा तिथं. म्हातारी रंग द्यायचा म्हटलं की तेवढी जागा सोडायला लावती." मग बिडी विझवून, केसांवरून हात फिरवत तो उठला. "आता माझा काढा की एक. पर आत नको. हितं, गाडीपाशी. औंदाच घेतलीया."