सूर्य मावळायच्या आधीची दहा मिनिटं



मंदिरात दर्शन झालं की पायऱ्यांवर दोन घटका बोलणं होतंच. गेली दोन वर्षं त्यात एक प्रश्न मला ठरलेला असतो. "तुमची लेक इंग्लंडला आहे ना? मग तिचं पाळणं-बिळणं कसं होतं तिकडे?" विचारणारीच्या आवाजात कधी काळजी असते, कधी थोडी शंका असते, आणि पुष्कळदा तिची स्वतःची मुलगी किंवा नात व्हिसाच्या रांगेत उभी असते. उभ्या उभ्या उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

लेक सप्टेंबर २०२३ मध्ये लेस्टरला शिकायला गेली. जायच्या आधी घरात चर्चा झाली ती कपड्यांची कमी आणि नियमांची जास्त. माझ्या मनात धाकधूक होती, पण सासूबाईंनी विषय वेगळ्याच टोकाने धरला. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत येतं, हे आपण लहानपणी पाठशाळेत घोकलेलं असतं. दहा दिशांना आपण कुठवर जाणार, याची मर्यादा आपली आपण घालून घ्यायची, ते दिग्व्रत. सासूबाई नातीला म्हणाल्या, "जाऊ नको असं व्रत सांगत नाही बाळ. कुठवर जायचं ते तू ठरव, आणि ठरवलेलं मोडू नको. मी ठरवून देणार नाही. मी दिलेलं तू माझ्या माघारी सोडशील, स्वतः घेतलेलं सोडताना तुलाच जड जाईल."

मग लेकीने रात्री बसून वहीत चारच गोष्टी लिहिल्या. मांस, मासे, अंडं नाही. कंदमूळ नाही. सूर्य मावळल्यावर जेवण नाही. रोज झोपायच्या आधी णमोकार. अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासापुढे तिने 'जमेल तेव्हा' असं लिहिलं. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे खरं लिहिलंयस." मला ते 'जमेल तेव्हा' जरा खटकलं होतं, पण यथाशक्ती हा शब्द आपल्याच शास्त्रातला आहे.

तेवीस किलोच्या बॅगेत काय गेलं ते सांगते, कारण हे पुष्कळजणी विचारतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसूण न घातलेलं भडंग, भाजणी, हिंग, एक लोखंडी तवा, एक छोटी कढई आणि पाणी गाळायला दोन स्वच्छ पांढरी फडकी. डाळ-तांदूळ नेऊ नका, जागा वाया जाते. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आपल्या लोकांची एवढी दुकानं आहेत की कच्ची केळी आणि हिरव्या मिरच्यासुद्धा मिळतात.

अवघड जातं ते पाकिटावरचं वाचणं. आपल्याकडे हिरवा ठिपका बघितला की अंडं नाही, हे नक्की असतं. तिकडे 'व्हेजिटेरियन' लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. 'व्हीगन' लिहिलं असेल तर अंडं आणि दूध दोन्ही नसतं, पण कांदा, लसूण, बटाटा बिनदिक्कत असतो. मऊ गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असतं, ते जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात. काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. म्हणून पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची सवय मुलांना इथूनच लावा. त्यात गंमत अशी की लेस्टर हे वॉकर्सच्या बटाट्याच्या वेफर्सचं गाव, ती कंपनी १९४८ साली तिथेच सुरू झाली. कंदमूळ न खाणारी आमची मुलगी नेमकी त्या गावात जाऊन पडली!

सहा खोल्या आणि एक स्वयंपाकघर, असं तिचं राहणं. बाकीच्या पाच मुलींपैकी चौघी मांसाहारी. पहिल्या आठवड्यात तिने फ्रिजमधला सगळ्यात वरचा कप्पा मागून घेतला आणि आपला तवा, कढई, दोन डबे वेगळे ठेवले. कुणाला नाक मुरडलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. नळाला फडकं बांधलेलं बघून पोलंडच्या मुलीने विचारलं, "इथलं पाणी स्वच्छ असतं, मग हे कशाला?" लेक म्हणाली, "पाण्यातले जीव माझ्यामुळे मरू नयेत म्हणून." त्यावर ती मुलगी काही बोलली नाही. पण महिन्याभराने न्हाणीघरात कोळी निघाला, तेव्हा तिने तो ग्लासखाली धरला, खाली पुठ्ठा सरकवला आणि खिडकीतून बाहेर सोडून दिला. मग आमच्या लेकीच्या दारावर टकटक करून सांगितलं, "गेला, जिवंत आहे."

खरी परीक्षा डिसेंबरात आली. आपल्याकडे हिवाळ्यातही सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. लेस्टरला डिसेंबरच्या शेवटी तो पावणेचारलाच खाली जायला लागतो आणि चारच्या आत मावळतो. तिचे वर्ग दोन ते पाच. तिने शिक्षकांना सरळ जाऊन सांगितलं, आणि त्यांनी सव्वातीनला सगळ्या वर्गालाच पंधरा मिनिटांची सुट्टी द्यायला सुरुवात केली. मी इथे रात्री नऊला फोन करायची, तेव्हा तिकडे साडेतीन वाजलेले असायचे आणि ती जिन्यात बसून रात्रीचं जेवण उरकत असायची. भाजणीचं थालीपीठ, दही, आणि शेवटी पाणी. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला सूर्य उगवेपर्यंत काही नाही. सोळा-सतरा तास! माझा जीव तुटायचा. ती म्हणायची, "आई, पहिले आठ दिवस पोट ओरडतं, मग गप्प बसतं."

जूनमध्ये सगळं उलटं. सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. नियमाच्या अक्षराने बघितलं तर नऊ वाजता जेवलं तरी चालेल. तिने मात्र साडेसातची वेळ ठरवली. म्हणाली, "डिसेंबरात नियमाने मला चालवलं. जूनमध्ये मी नियमाला माझ्या सोयीने चालवलं तर ते बरोबर नाही." हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

त्याच डिसेंबरात ती आणि पोलंडची मैत्रीण आगगाडीने फिरायला गेल्या होत्या. परतीची गाडी दीड तास रखडली. डबा पिशवीत, आणि खिडकीबाहेर अंधार पडला. लेकीने डबा उघडला नाही. ते बघून मैत्रिणीनेही आपला सँडविच परत पिशवीत ठेवला. तेव्हा लेक तिला म्हणाली, "तू खा. माझा नियम माझ्या पोटाला आहे, तुझ्या नाही." मैत्रिणींनो, तिकडच्या दोन वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य ते हेच. नियम स्वतःला लावून घेतला की शेजारी माणसं येऊन बसतात. तोच दुसऱ्यांना लावायला गेलो की ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.

आता जॉर्डनच्या मुलीबद्दल. ती मुसलमान. २०२४ साली रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. ती सूर्य उगवण्याच्या आधी खाणार आणि मावळल्यावर उपास सोडणार. आमची लेक सूर्य असेतो खाणार आणि मावळायच्या आत संपवणार. म्हणजे दोघींची वेळ एकमेकींच्या अगदी उलट! पण त्या उलट्यातच दोघींची गाठ पडली. सूर्य मावळायच्या दहा मिनिटं आधी दोघीही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायच्या. एक शेवटचा घास खात असायची, दुसरी समोर खजूर ठेवून वाट बघत असायची. दोघींच्या फोनमध्ये सूर्यास्ताची तीच वेळ. लेक पाणी पिऊन, हात धुऊन नऊ वेळा णमोकार म्हणायची. तेवढ्यात हिची वेळ व्हायची आणि ती खजूर तोंडात घालायची. एकीचं ताट उचललं जायचं, तिथेच दुसरीचं मांडलं जायचं.

त्या महिन्यात त्या मुलीने टेबलावर मांस आणलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. खजूर, फळं आणि मसुराचं सूप, एवढंच ठेवायची. लेक तिच्यासाठी दुपारीच लसूण न घालता धपाटे करून ठेवायची आणि ती ते पहाटे खायची. लेक मला म्हणाली, "आई, सगळे विचारतात का म्हणून. हिने एकदाही विचारलं नाही. भूक लागलेली असताना समोरचं अन्न न खाणं म्हणजे काय, ते तिला माहीत आहे."

आता मंदिराचं. लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर आहे. समाजाने ती वास्तू विकत घेतली, दर्शनी भागाला संगमरवर बसवला, आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. आत श्वेतांबर आणि दिगंबर, दोन्ही आम्नायांच्या वेद्या आहेत आणि स्थानकवासींसाठी उपाश्रय आहे. एका छपराखाली सगळे! तिथली पुष्कळ कुटुंबं गुजराती, आणि त्यातली बरीच पूर्व आफ्रिकेतून आलेली. युगांडातून १९७२ साली आशियाई लोकांना देश सोडायला लावलं, तेव्हा अनेकजण इंग्लंडला आले आणि लेस्टरला स्थिरावले. त्या आज्या-मावश्यांनी आमच्या लेकीला ढोकळ्याबरोबर गुजरातीही शिकवली.

आपले मुनिमहाराज पायी विहार करतात, वाहनात बसत नाहीत. त्यामुळे समुद्रापार त्यांचे पाय लागत नाहीत. तेरापंथात आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समणी श्रेणी सुरू केली, त्या समणीजींना प्रवासाची मोकळीक आहे, त्या परदेशी जातात. पण एरवी तिकडचा धर्म श्रावक-श्राविकांनीच सांभाळला आहे, आणि त्यातही स्वयंपाकघर ज्यांच्या हाती होतं त्यांनी. दोन देश बदलूनही त्या बायकांची चूल बदलली नाही, हे ऐकल्यावर माझी पुष्कळशी भीती कमी झाली.

लेस्टरहून लंडन आगगाडीने तासाभराहून थोडं जास्त. लेक आणि जॉर्डनची मैत्रीण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम बघायला गेल्या होत्या. तिथे मध्य प्रदेशातल्या ग्यारसपूरची पार्श्वनाथांची मूर्ती आहे, सहाव्या-सातव्या शतकातली, डोक्यावर नागफणा. आजूबाजूला लोक बूट घालून फिरताहेत, फोटो काढताहेत. लेकीला बूट काढावेसे वाटले, पण तिथे काढायचे कसे? ती दोन पावलं मागे सरली आणि मनातल्या मनात णमोकार म्हणायला लागली. ओठ हलताना मैत्रिणीने बघितलं. तिने हिचा कोट आणि पिशवी हातात घेतली, आणि म्हणून होईपर्यंत बाजूला उभी राहिली. मागून येणाऱ्यांना हाताने वळसा घालून जायला सांगत होती. हे सांगताना फोनवर लेकीचा आवाज भरून आला.

जानेवारी २०२५ मध्ये लेक सुट्टीला आली ती पोलंडच्या मैत्रिणीला घेऊनच. सासूबाईंचं माहेर कोल्हापूरजवळचं. त्या पाहुणीला म्हणाल्या, "तुझी माणसं आमच्याकडे आधीच येऊन गेली आहेत गं." दुसऱ्या महायुद्धात रशियाने सायबेरियाला नेऊन टाकलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती. सासूबाईंचे वडील तिथे भाजी घालायचे. कोल्हापुरात त्या लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि तो आहे महावीर गार्डनमध्ये! ती मुलगी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. ज्या गावात तिच्या देशाच्या पोरक्या मुलांना आसरा मिळाला, त्या गावच्या नातीबरोबर आपण फ्रिजचा कप्पा वाटून घेतला, असं ती म्हणाली.

तिथून आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. १९६३ साली प्रतिष्ठा झालेली अठ्ठावीस फुटी मूर्ती बघून तिने विचारलं, "पायांवर वेली का चढल्यात?" लेकीने सांगितलं, "इतका काळ स्थिर उभे राहिले की वेलींना ते झाडच वाटले." सासूबाई सावलीत बसून ऐकत होत्या. संध्याकाळी घरी पोचायला उशीर होणार असं दिसलं, तेव्हा ती पोरगीच ड्रायव्हरदादांना खुणा करून सांगायला लागली, गाडी थांबवा, आजींना जेवायचं आहे, सूर्य चाललाय!

तर मैत्रिणींनो, "पाळणं कसं होतं?" याचं माझं उत्तर असं. मुलांना नियमांची लांबलचक यादी देऊ नका. त्यांना बसवून त्यांच्याच हाताने लिहायला लावा, चार लिहिले तरी चालतील. प्रत्येक नियमामागचं कारण एका वाक्यात सांगता येईल इतकं समजावून द्या, कारण तिकडे रोज कुणीतरी विचारणार आहे. आणि मैत्रीण कोणत्या धर्माची मिळाली याची काळजी करण्यापेक्षा, ती आपल्या मुलीचा कोट धरून उभी राहणारी आहे का, एवढं बघा.

लेकीला तिकडे आता नोकरी लागली आहे. वही अजून तिच्याकडे आहे. परवा फोनवर म्हणाली, अष्टमीपुढचं 'जमेल तेव्हा' तिने खोडलं आणि तिथे 'अष्टमीला एकभुक्त' असं लिहिलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "खोडलेलं दिसतंय ना? मग ठीक आहे. तिचं तिने ठरवलं."

जयजिनेंद्र.